डिंकाचे लाडू सहाव्या दिवशी पोचले

वहिनीच्या बाळंतपणाचं सगळं एकदा लिहून काढ असं तिघींनी सांगितलं, तिघी पण येत्या काही महिन्यांत त्याच वाटेवर आहेत, म्हणून बसले लिहायला. मी एम.एस. युनिव्हर्सिटीच्या होम सायन्समधून फूड्स अँड न्यूट्रिशन केलंय (फॅकल्टीचं नाव कधीचंच बदललंय, पण बडोद्यात सगळे अजून होम सायन्सच म्हणतात) आणि थोडी वर्षं डाएटचं काम पण केलंय, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटत होतं की ताई आहे ना, मग कसलं टेन्शन. मला पण तसंच वाटत होतं. खाण्यापिण्याचं मी सगळं वहीत लिहून ठेवलेलं, आणि तरी पाचव्या दिवशी आमची बाळंतीण दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत उपाशी राहिली, ती पण खाण्याचे डबे भरलेले असताना. ते कसं झालं तेच सांगायचंय, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

वहिनी २९ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माहेर नाशिक. ड्यू डेट २ सप्टेंबर २०२४. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण तिला डॉक्टर बदलायचे नव्हते आणि भावाला बाळ होताना तिथे असायचं होतं, म्हणून ठरलं की नाशिकच्या काकूच, म्हणजे वहिनीची आई, ३१ ऑगस्टला इकडे येतील, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतविडा सगळं घेऊन, आणि सव्वा महिना राहतील. काकूंना ते जरा लागलं, पण बोलल्या नाहीत. आमचं घर कारेलीबागेत, तळमजला. डॉक्टरांचं हॉस्पिटल अलकापुरीच्या बाजूला, म्हणजे मधे विश्वामित्री नदी. बडोद्याच्या माणसाला एवढ्यावरूनच पुढचं कळलं असेल.

सव्विसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन आलं ८.६. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि यात वहिनी काही जगावेगळी नव्हती, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका, ५२ टक्के, ॲनिमिक निघाल्यात. पण ती रडायलाच आली, म्हणाली ताई मी एक गोळी चुकवलेली नाही. मग एक दिवस सकाळी मी तिच्याकडे नुसती बसून बघत राहिले. उठली की कपभर दूध, दुधाबरोबर लोहाची गोळी, त्याच घोटाला कॅल्शियमची, आणि दहा मिनिटांत चहा. गोळी चुकत नव्हती हे खरं, पण ती अंगी लागणार कशी, कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला आडवे येतात. सरकारी हिशोब असा आहे की गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी, तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. वहिनीचं कमी आलं म्हणून डॉक्टरांनी दोन केल्या. आम्ही फक्त वेळा बदलल्या, लोह सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर आणि दुसरी रात्री झोपताना, कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर, आणि लोहाच्या गोळीच्या किंवा जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर चहा बंद. चहावरून सगळ्यात जास्त भांडण झालं, गोळ्यांवरून नाही.

चार आठवड्यांनी ९.१. वाढलं पण गोगलगाईसारखं, आणि हातात आठवडे उरलेले दहा, मग डॉक्टरांनी सलाइनमधून शिरेतून लोह दिलं. छत्तिसाव्या आठवड्यात १०.९. आता याचं श्रेय आईने बीट आणि पालकाला दिलं, मी माझ्या टाइमटेबलला दिलं, पण खरं बघायला गेलं तर ते त्या सलाइनचं. बीट खाऊन ८.६ चं ११ होत नाही, बीटचा रंग लाल आहे एवढंच त्याचं रक्ताशी नातं. शिकलेल्या बायका पण यात फसतात आणि दोन महिने घालवून बसतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

प्रथिनांचं वेगळंच नाटक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची सांगितलीत, आणि आमच्याकडचं ताट म्हणजे पोळी, भाजी, भात आणि इतकं पातळ वरण की ताटातून पळून जाईल. २२ ग्रॅम म्हणजे दोन अंडी, एक ग्लास दूध आणि वर थोडे शेंगदाणे, एवढंच. पण अंडं आमच्या स्वयंपाकघरात येत नाही, आणि वहिनी नाशिकला सगळं खाऊन वाढलेली. शेवटी भावाने अंडी उकडायचं छोटं मशीन आणून गच्चीवरच्या खोलीत ठेवलं, रोज सकाळी दोन अंडी, नीट घट्ट उकडलेली, गुपचूप. आईने पूर्ण तीन महिन्यांत एकदाच विचारलं की गच्चीवर हल्ली कसला रे वास येतो, आणि उत्तराची वाट न बघता देवघरात गेली. वरण मात्र तिने स्वतःहून घट्ट करायला घेतलं.

शेजारी एक गुजराती बा राहतात, त्यांचं म्हणणं नवव्या महिन्यात वाटीभर तूप पाजा, बाळ सुळकन सरकतं. तूप जातं आतड्यात आणि बाळ असतं गर्भाशयात, दोघांची गाठ कुठे पडायची. पोळीवर चमचाभर, बास. खजूर दिले, पण ते गोड खायची हुक्की भागावी म्हणून, त्यातल्या लोहावर मी भरवसा ठेवलेला नव्हता.

आता पाण्याचं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडलेला आणि त्या दिवशी मी फतेगंजला अडकलेले, त्यामुळे ड्यू डेट कळली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, की ऑगस्ट-सप्टेंबर आहे, विश्वामित्रीवरचा काला घोडाचा पूल बंद झाला तर पलीकडे जायचं कसं. घरात सगळे हसले, भाऊ म्हणाला ताई तुला विश्वामित्रीतल्या मगरीच दिसतात सगळीकडे. डॉक्टरबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या अलीकडच्या काठावर पण एका ठिकाणी नाव घालून ठेवा, एकदा तपासणी करून घ्या, फाईलची कॉपी देऊन या. मांजलपूरकडे एक लहान हॉस्पिटल बघितलं, आणि तिथे मी नर्सला जे विचारलं ते सांगते कारण हे कोणी विचारत नाही: जनरेटर स्वतःचा आहे का आणि तो तळघरात तर नाही ना, ऑपरेशन थिएटर कितव्या मजल्यावर, रात्री डॉक्टर इथेच असतात का बोलवावे लागतात, आणि रक्त लागलं तर कुठून आणता. जनरेटर मागच्या ओट्यावर होता, थिएटर पहिल्या मजल्यावर. छत्तिसाव्या आठवड्यात तिथे एकदा तपासून आलो. त्याच भागात मावशीचा फ्लॅट, दुसरा मजला, ते पण बोलून ठेवलं. सगळ्या रिपोर्टचे, ब्लडग्रुपचे, ममता कार्डाचे (गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) फोटो चार मोबाइलमध्ये, आणि कागद प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत.

आणि एक कोरडा डबा भरला, मोठा पत्र्याचा, आजीच्या वेळचा. विचार असा की लाइट नाही, फ्रिज नाही, दूध नाही, भाजी नाही असं धरून चालायचं आणि तरी बाळंतिणीला सहा-सात दिवस नीट खायला मिळालं पाहिजे. भाजून दळलेली मूगडाळ (गरम पाण्यात शिजवली की दहा मिनिटांत कढण), नाचणीचं सत्त्व, मेतकूट, भाजलेला रवा, तांदूळ, फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ, तूप, सुंठ, ओवा, दुधाची टेट्रापॅक, ओआरएसची पाकिटं, इसबगोल. शिवाय पाच किलोचा छोटा गॅस, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याचे दोन जार. मेतकुटाला कोणी आता विचारत नाही पण विचार करा, हरभराडाळ, उडीदडाळ, तांदूळ, गहू सगळं भाजून दळलेलं, भातावर तुपाबरोबर घातलं की झालं जेवण. बडोद्यात गाठोडं बांधायला यापेक्षा भारी काही नाही. वहीत मग रोजच्या सहा वेळा आखल्या, सकाळी सात, दहा, एक, चार, आठ आणि रात्री दोनला दूध पाजायला उठते तेव्हा, आणि प्रत्येक वेळेपुढे काय द्यायचं ते. अक्षर सुंदर काढलेलं, मला आजही ती वही दाखवायला आवडते.

२६ ऑगस्ट, सोमवार, गोकुळाष्टमी. पाऊस थांबायचं नावच घेईना, त्यात वरच्या आजवा तलावातून पाणी सोडल्याच्या बातम्या. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पुढच्या दोन दिवसांत ती ३५ च्या पण वर गेली, पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं. मी दुपारी बाराला फोन केला की निघा, भाऊ म्हणाला थांबू संध्याकाळपर्यंत, वहिनी मात्र चपला घालून दारात उभी. मित्राच्या उंच गाडीतून डबा, पिशवी आणि आम्ही मावशीकडे. मंगळवारी सकाळी घरात गुडघ्याइतकं पाणी, आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, लाइट गेलेली, पूल बंद. मंगळवारी रात्री साडेअकराला वहिनीचं पाणी गेलं. हॉस्पिटल दोन किलोमीटरवर, पोचायला पाऊण तास लागला, वाटेत पोटरीएवढं पाणी होतं. ठोके खाली यायला लागले आणि बाळाने आतच शी केलेली, म्हणून पहाटे सिझर केलं, २८ ऑगस्ट, मुलगी, २ किलो ८५० ग्रॅम. जनरेटर सगळा वेळ घरघरत होता आणि मला त्यापेक्षा गोड आवाज आजवर ऐकू आलेला नाही. दुसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन ९.८. ८.६ वरून सिझरला गेलो असतो तर काय, हा विचार मी मुद्दाम पूर्ण करत नाही.

नाशिकला काकू बॅग भरून बसलेल्या आणि गाड्या रद्द, बसचं पण नक्की नाही. फोनवर एकच, लाडू तयार आहेत गं, लाडू तयार आहेत.

हॉस्पिटलचं कँटीन बंद होतं. काही तासांनी पातळ द्या म्हणाले तेव्हा पहिलं जे पोटात गेलं ते डब्यातलं कढण, वर चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप. दुसऱ्या दिवशी मऊ भात-मेतकूट, नाचणीची खीर टेट्रापॅकच्या दुधात, ओव्याचं पाणी, आणि नर्सने धरून चालवलं तेव्हा चालणं. तीन दिवस हेच आलटून-पालटून, भाजी नाही की फळ नाही, चौथ्या दिवशी कोणीतरी पपई आणून दिली तर वहिनी तिच्याकडे बासुंदीसारखी बघत होती. सिझरनंतर औषधांनी आणि लोहाच्या गोळीने पोट घट्ट होतं, आणि त्यात आपल्याकडची समजूत की बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, पोट सुटतं म्हणून. उलट आहे हो सगळं. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, प्रत्येक वेळी पाजायला बसताना एक पेला पाणी उशाशी पाहिजे, उकळून गार केलेलं, त्या दिवसांत तर नक्कीच, कारण नळाला काय येत होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

बाळाला पहिल्या तासातच अंगावर घेतलं. तिसऱ्या दिवशी एक नातेवाईक पाण्यातून वाट काढत आल्या, कौतुकच, पण येताना वाटीत गुळाचं पाणी आणि मध, गळथुथीसाठी (नव्या बाळाला गोड चाटवायची गुजराती रीत). आधी आमच्यात बाळगुटी, इथे राहून गळथुथी पण आलीय, दोन्हीकडचं घ्यायचं म्हणजे असं होतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नसतो, त्यातून बॉट्युलिझम नावाचा वाईट आजार होऊ शकतो. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, आण ती वाटी, आधी बाळकृष्णाला दाखवू, त्याची पण परवाच अष्टमी झाली. वाटी खिडकीतल्या तसबिरीपुढे ठेवली ती तिथेच राहिली. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात मला हे शिकवलेलं नाही.

चौथ्या दिवशी बाळाचं वजन २.६२० भरलं आणि घाबरगुंडी उडाली. मावशी म्हणे दूध पुरत नाही, डबा आणा पावडरचा. साधारण आठ टक्के कमी झालेलं, पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतं, आणि सिझरनंतर दूध उतरायला कधीकधी उशीर होतो. नर्सने वजनावर लक्ष ठेवलं, पण आधी बाळाचं तोंड कसं धरलंय ते बघितलं, ते चुकत होतं, नुसतं टोक तोंडात जात होतं. ते सुधारलं. मी वहीत लंगोट मोजायला लागले, पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओले पाहिजेत, आमचे सात झाले. आणि पावडर आणली असती तरी ती कालवायची कुठल्या पाण्यात, बाटली उकळायची कशात. बाराव्या दिवशी वजन २.९००.

आता तो पाचवा दिवस. १ सप्टेंबर, रविवार. सकाळी दहाला डिस्चार्ज, मावशीकडे आलो, एकला मी वहिनीला वरण-भात वाढला. पाणी ओसरलेलं, घरात वीतभर चिखल, फ्रिज आडवा, गाद्या फुगलेल्या, आणि चिखल वाळला की निघत नाही म्हणून सगळे कारेलीबागेत पळालो, आई, बाबा, भाऊ, मी पण. मावशी होती घरी. मावशीचे गुडघे गेलेत, दुपारची गोळी घेऊन ती झोपली. वहिनी आतल्या खोलीत, टाके ओले, बाळ छातीवर, आणि आमचा तो सुप्रसिद्ध डबा हॉलमधल्या माळ्यावर, पायात येतो म्हणून मीच वर ठेवायला सांगितलेला. ती उठून चार वेळा दारापर्यंत आली म्हणे. पण मावशी म्हणजे सासरकडचं घर, त्यात म्हातारी बाई झोपलेली, उठवून खायला मागायचं कसं. पाणी पण प्यायली नाही कारण बाथरूमला जायचं तर टाके ओढतात. मावशीला जाग आली तेव्हा तिने चहा विचारला, वहिनीने नको म्हटलं, चहा बंद करायची शिस्त आम्हीच लावलेली. रात्री नऊला आम्ही चिखलाने माखून आलो तर ती दारात भिंतीला धरून उभी, आणि बघता बघता खाली बसली. चक्कर. बीपी कमी, बाकी काही नाही, ओआरएस आणि जेवण पोटात गेल्यावर ठीक झाली, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रक्त जास्त जातंय का, ताप आहे का, डोकं खूप दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटरीला सूज आहे का हे सगळं विचारून घेतलं. नव्हतं काही. मावशी रात्रभर झोपली नाही, स्वतःला बोल लावत राहिली.

मी वही उघडली. १ सप्टेंबर, दुपारी चार: खजूर, फुटाणे, राजगिरा लाडू, दूध. माझ्याच सुंदर अक्षरात. काय द्यायचं ते लिहिलेलं होतं, कोणी द्यायचं तो रकानाच नव्हता.

सोमवारपासून रकाना आला, त्याचं नाव भावाने ठेवलं ताट ड्युटी. दहा आणि एक आईची, चार बाबांची (सत्तरीतल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी दूध गरम करून नेऊन दिलं, आणि ते एक दिवस पण चुकले नाहीत), आठ माझी, रात्रीची दोनची आणि सकाळी सातची भावाची. नियम एकच, ताट हातात द्यायचं, आणि ती जेवेपर्यंत बाळ आपण धरायचं, कारण एका हाताने खाणारी बाई अर्धंच खाते. डबा माळ्यावरून तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर. भावाला कंपनीने दिलेली रजा पाच दिवस, त्यातले तीन पाण्यातच वाहून गेले, तरी रात्रीची दोनची वेळ त्याने सोडली नाही.

त्याच दिवशी, म्हणजे सहाव्या दिवशी, सटीच्या संध्याकाळी, तीन बस बदलून काकू पोचल्या. दोन हातांत दोन डबे. वहिनी त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडली की बाळ पण रडायला लागलं. पूजा झाली, आणि लाडू सुरू. इथे मला जपून बोलायला लागलं. लाडू वाईट नाहीत, पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात आणि तूप-गूळ-खोबऱ्याचा डिंकलाडू म्हणजे एकेक पावणेदोनशे-दोनशेचा, झोप नसलेल्या बाईला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण काकू सकाळी दोन, दुपारी दोन असे देत होत्या आणि मग जेवणाच्या वेळी ताट परत येत होतं, डाळ तशीच, भाजी तशीच. वर पाजताना १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात ती लाडवात फार नसतात, आणि अळिवात लोह असलं तरी एका लाडवात अळीव असतात चमचा-दीड चमचा. मी म्हटलं काकू, तुमचे लाडू मी बंद करणार नाही, फक्त ताटाच्या मागे लावा, पुढे नको. त्या गप्प बसल्या थोडा वेळ, मग म्हणाल्या, सकाळी एक, चारला एक, पण चारचा मी स्वतः देणार. म्हणजे बाबांच्या ड्युटीवर अतिक्रमण. त्यांनी आपसात मिटवलं.

बा पण आल्या, त्यांच्या घरात आमच्यापेक्षा जास्त पाणी शिरलेलं तरी काटलूचा (बाळंतिणीला द्यायचा गुजराती पौष्टिक पदार्थ) डबा घेऊन आल्या, सुवावडमां काटलुं तो खावुं ज पडे (बाळंतपणात काटलू खायलाच लागतं) म्हणत, बत्रीस वसाणी म्हणजे बत्तीस औषधी मसाले घातलेलं, जरा कडवट, मला तर आवडतं. आणि पुडीत सुवा, दूध वाढायला. काकूंनी लगेच आपली पुडी काढली, नाशिकचा बाळंतशोपा, आमच्यात हाच देतात. दोघींचं आपापल्या भाषेत सुरू झालं की कुठला चांगला. मी दोन्ही पुड्या एका ताटलीत ओतल्या आणि विचारलं आता यातला तुमचा कुठला ते निवडा. शेपूचं बी, दोन्ही एकच. दूध त्याने किती वाढतं माहीत नाही, ते वाढतं बाळ जितकं ओढेल तितकं, पण त्या दिवसापासून दोघींची मैत्री जी झाली ती अजून आहे.

शेकशेगडीवर मात्र मी ऐकलं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास पण नसतो. तव्यावर कापड गरम करून कंबर शेकली, हातापायांना तेल लावलं, पोटाला टाके सुकेपर्यंत हात नाही.

सुवेर ६ तारखेला फिटलं आणि ७ ला गणपती, म्हणजे आमचा गणपती थोडक्यात वाचला, पुसून काढलेल्या ओल्या भिंतींच्या घरात बसला. ८ ला बारसं, पंधरा माणसांत. वहिनी त्या सगळ्या गर्दीत कारण नसताना दोनदा रडून आली, पहिल्या दोन आठवड्यांत असं होतं, त्यापुढे टिकलं किंवा बाळाकडे बघावंसंच वाटेना तर मात्र डॉक्टरला सांगायचं, माया कमी पडली म्हणून बाईला दोष लावत बसायचं नाही. तिचं तिसऱ्या आठवड्यापासून निवळलं. सहा आठवड्यांची तपासणी ९ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, हिमोग्लोबिन ११.२, आणि रात्री गॅलरीत बाळ खांद्यावर घेऊन समोरच्या सोसायटीच्या गरब्यावर ती पाय हलवत होती ते मी बघितलंय. लोहाची गोळी फेब्रुवारीअखेरपर्यंत चालू राहणार. कायद्याने २६ आठवड्यांची रजा, ती १२ ऑगस्टपासून घेतल्यामुळे ९ फेब्रुवारीला संपते, बाळाला सहा महिने पूर्ण होतात २८ ला, मधल्या दिवसांसाठी तिने हक्काची रजा राखून ठेवलीय, हे गणित मात्र पूर्ण तिचं, मी फक्त टाळ्या वाजवल्या.

डबा आता मामेबहिणीकडे गेलाय, तिची तारीख उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आसपास आहे. नाचणी थोडी कमी केली कारण वहिनी शेवटी कंटाळली, मेतकूट दुप्पट केलं, स्ट्रॉ लावलेली पाण्याची बाटली घातली जी झोपूनसुद्धा पिता येते, आणि वहीची पानं नव्याने आखून दिली. मामेबहिणीने सगळे रकाने भरून मला फोटो पाठवला. दुपारी चारपुढे तिने सासऱ्यांचं नाव टाकलंय, त्यांना अजून सांगितलेलं नाही.